पारधी बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जाणार आहेस, तर आधी हे ऐक

पोरा, पहिल्या दिवशी मोबाइल खिशातच ठेव, फोटो काढू नको. जुन्या कपड्यांचं गाठोडं तर मुळीच नेऊ नको. मी नेलं होतं. एका आजीनं शांतपणे विचारलं, "हे तू घालशील का?" गाठोडं परत आणलं.

खरं काम बेड्यावर कमी, आपल्याच पारावर जास्त. गावात बकरी हरवली की कोणीतरी बेड्याकडं बोट दाखवतोच. तेव्हा तिथल्या तिथं विचार, "पाहिलं कोणी?" इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का पानटपरीवर अजून शाबूत आहे. सोयरेधायरे रागावतील. माझा चुलतभाऊ वर्षभर बोलला नाही, चालतं.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण तेच कामी येतं. वयाचा दाखला नाही म्हणून शाळा पोराला परत पाठवत असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १४ दाखव. फासेपारधी आपल्याकडं अनुसूचित जमातीत येतात, म्हणून १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो. "आधी चौकशी करू, मग गुन्हा नोंदवू" असं कोणी म्हणालं तर २०१८ ची दुरुस्ती सांग, तशी गरज नाही. ठाण्यात सोबत जा, पण बोलायचं त्यांनी. तू फक्त एफआयआरची प्रत मागून घे, ती फुकट मिळते.

आणि हो, तुमच्या वावरात कापूस वेचायला बाया येतात ना? त्यांना चहा कोणत्या कपात मिळतो, ते आज घरी जाऊन बघ.