घरात आधीच धुसफूस असलेलं कुटुंब उत्तरेकडच्या निर्जन जंगलात तग धरू शकतं का?

तुम्ही विचारलंय की गोष्टींमध्ये दाखवतात तसं खरंच होतं का, म्हणजे मनं दुरावलेलं कुटुंब बर्फाच्या जंगलात जातं आणि संकटामुळे सगळे परत एकत्र येतात. मला खरी घडलेली एकच केस नीट माहितीये, सायबेरियातल्या लिकोव्ह कुटुंबाची, तिच्याबद्दल मिळेल ते मी बरीच वर्षं वाचत आलेय, तर त्यावरूनच सांगते.

आधी थोडक्यात. हे लोक जुन्या श्रद्धेचे, म्हणजे सतराव्या शतकात निकॉन नावाच्या धर्मगुरूनं रशियन चर्चमध्ये केलेले बदल न मानणारे, आणि त्यासाठी पिढ्यानपिढ्या छळ सोसलेले. १९३६ मध्ये कार्प लिकोव्हच्या भावाला कम्युनिस्ट गस्तीच्या लोकांनी कार्पच्या डोळ्यांदेखत गोळी घातली. कार्पनं बायको अकुलिना, नऊ वर्षांचा सावीन आणि दोन वर्षांची नताल्या यांना घेतलं, बियाणं बांधलं, चरखा उचलला आणि जे जंगलात शिरले ते शिरलेच. दिमित्री आणि अगाफ्या ही धाकटी दोघं तिथेच जन्मली, त्यांनी घरच्यांशिवाय दुसरं माणूस पाहिलंच नव्हतं. १९७८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांच्या हेलिकॉप्टरला डोंगरउतारावर नांगरल्यासारखे पट्टे दिसले तेव्हा जगाला कळलं. सगळ्यात जवळची वस्ती तिथून जवळजवळ २५० किलोमीटर.

आता मुद्द्याचं. सायबेरिया म्हटलं की आपल्या डोक्यात लांडगे, अस्वलं, हाडं गोठवणारी थंडी येते, पण ह्या कुटुंबाला रोज छळलं ते भुकेनं आणि त्यातून येणाऱ्या एका निर्णयानं. बंदूक नव्हती, धनुष्यबाणही नव्हते. शिकार म्हणजे खड्डे खणायचे नाहीतर जनावर थकून पडेपर्यंत त्याच्यामागे डोंगरातून धावायचं, आणि ते सुद्धा दिमित्री मोठा झाल्यावर जमायला लागलं, तो थंडीत अनवाणी जायचा, बाहेर उघड्यावर झोपायचा आणि कधी कधी बऱ्याच दिवसांनी जनावर खांद्यावर टाकून यायचा. तोवर सगळी मदार बटाट्यावर. उकडलेला बटाटा, त्यात कुटलेली राय (गव्हासारखं एक धान्य) आणि भांगेचं बी, हेच जेवण, मीठ नाही. सोबत आणलेली पातेली गंजून गेली आणि बर्च झाडाच्या सालीची भांडी चुलीवर ठेवता येत नाहीत, म्हणजे शिजवायचेसुद्धा वांधे. शास्त्रज्ञांनी नंतर वस्तू देऊ केल्या तेव्हा कार्पनं सुरुवातीला फक्त मीठ घेतलं, बाकी सगळं परत.

आणि दरवर्षी घरात बैठक बसायची, असं अगाफ्यानं नंतर सांगितलंय. विषय एकच, आहे ते सगळं खाऊन टाकायचं का बियाण्याला ठेवायचं. हे जरा डोळ्यांसमोर आणा, पोरं उपाशी आहेत, समोर पोतं आहे, आणि आई-बापांनी हात लावू नका म्हणायचंय. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, कारण ज्या घरात एकमेकांवर विश्वास नाही तिथे रात्री कोणीतरी उठून ते पोतं उघडणारच, आणि पुढच्या वर्षी कोणीच उरणार नाही.

एका वर्षी जूनमध्ये बर्फ पडला आणि मळा गेला. घरच्यांनी चामड्याची पादत्राणं खाल्ली, झाडांच्या साली खाल्ल्या. अकुलिनानं मुलांच्या तोंडी घास जावा म्हणून स्वतः उपास काढले आणि १९६१ मध्ये ती भुकेनं गेली. रायचं बी तर संपलंच होतं, पण वाटाण्याच्या वाफ्यात रायचं एक, फक्त एक रोप उगवलं. त्याला कुंपण घातलं, उंदीर आणि खारी येऊ नयेत म्हणून रात्रंदिवस पहारा दिला. त्या रोपाला १८ दाणे आले आणि तेवढ्यावरून त्यांनी रायचं पीक परत उभं केलं. मला ह्या सगळ्या हकीकतीत ह्या पहाऱ्याइतकं काहीच मोठं वाटत नाही.

पण म्हणून घर गुण्यागोविंदानं नांदत होतं असं समजू नका. सावीन धर्माच्या बाबतीत बापापेक्षा कडक, इतका की आपल्यामागे हा घर ताब्यात घेईल ह्याची कार्पला धास्ती होती. दिमित्री एकदम उलटा, शास्त्रज्ञांच्या छावणीतली करवतीची गिरणी बघायला परत परत जाणारा, पठ्ठ्याला मशीनचं वेडच लागलं. शेवटी शेवटी दोघं भाऊ नदीजवळ वेगळ्या झोपडीत राहायचे, बाप आणि बहिणी वरच्या झोपडीत. म्हणजे ताण होता, नुसता होता नाही, जंगलात तो सुटायला जागाच नसते, रागावून जाणार कुठे? फरक इतकाच की पेरणी आणि बियाणं ह्यावर भांडण येऊ द्यायचं नाही हे सगळ्यांना पटलेलं होतं.

ज्या शिस्तीनं त्यांना जगवलं तिनंच पुढे मारलंही, आणि हे वाचताना मला दर वेळी त्रास होतो. १९८१ मध्ये दिमित्रीला न्यूमोनिया झाला, शास्त्रज्ञ हेलिकॉप्टर मागवून हॉस्पिटलला न्यायला तयार होते, त्यानं नाही म्हटलं, आम्हाला ते चालत नाही, देव देईल तितकं जगायचं. त्याच सुमारास सावीन आणि नताल्याही गेले, दोघांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. थोड्याच महिन्यांत तीन भावंडं गेली. घर एकजूट होतं, पण त्या एकजुटीत 'मला जगायचंय' म्हणायची कोणाला मुभा नव्हती, मग ती एकजूट कुठवर चांगली म्हणायची?

कार्प फेब्रुवारी १९८८ मध्ये गेला. अगाफ्या नातेवाईकांना भेटून आली, पण राहायला परत तिथेच गेली. मात्र आता तिचं जगणं पूर्वीसारखं नाही, पीठ, औषधं, शेळ्यांचा चारा हे बाहेरून येतं, अभयारण्याचे लोक फेरी मारतात, २०२१ मध्ये एका उद्योगपतीच्या पैशातून तिला नवीन लाकडी घर बांधून मिळालं. त्यामुळे तिचं उदाहरण देऊन कोणी 'एकट्यानं जंगलात राहता येतं' असं म्हणत असेल तर ते अर्धवट आहे.