पुण्याहून स्वतःच्या गाडीने नेपाळ: १५ दिवसांत पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू, चितवन होईल का? बरोबर आईवडील आणि १० वर्षांची मुलगी आहे.

चारपैकी दोन ठिकाणं आधी काढून टाका, मग बाकीचं बोलू. मी नेपाळला गाडी घेऊन गेलेलो आहे आणि सगळे जण मॅपवर किलोमीटर मोजून प्लॅन करतात, तिथेच घोळ होतो. पुणे ते सुनौली बॉर्डर साधारण साडेसतराशे-अठराशे किलोमीटर आहे, पण तो भाग सोपा आहे हो. पोखरा ते काठमांडू जेमतेम २०० किलोमीटर, आणि रुंदीकरणाच्या कामामुळे त्याला आख्खा दिवस जातो. त्यामुळे बॉर्डरच्या पुढे किमी विसरा, डोंगरात तासाला २५-३० किमी धरून चाला.

काय काढायचं ते सांगतो. चितवन काढा, मुलीला एकशिंगी गेंडा बघायचाच असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर जंगल म्हणून आपलं ताडोबा आहेच. मग काठमांडूचं पशुपतिनाथ की मुक्तिनाथ हे आईवडिलांना विचारा, दोन्ही करायला गेलात तर निम्मी सुट्टी गाडीत बसून जाईल. माझं मत विचाराल तर पोखरा आणि मुक्तिनाथ करा, काठमांडूला पुन्हा कधीतरी विमानाने जाता येतं.

जाताना पहिल्या दिवशी वाघोली-शिक्रापूरचं ट्रॅफिक लागायच्या आत म्हणजे पहाटे चारला निघा, संभाजीनगरला समृद्धीवर चढा आणि नागपूर गाठा. समृद्धीवर टायरची हवा आणि टायरचं वय दोन्ही बघून जा, सरळ रस्ता आणि १२० चा स्पीड, तिथे जुने टायर धोका देतात. दुसऱ्या दिवशी सिवनी, जबलपूर करत रीवा. पेंचच्या जंगलातून जो उंच केलेला रस्ता जातो, ज्याच्या खालून जनावरं जातात, तो फार सुंदर आहे. तिसऱ्या दिवशी वाराणसीला न थांबता गोरखपूर (काशी येताना करा, जाताना केली की एक दिवस तिथेच जातो हे ठरलेलं) आणि चौथ्या दिवशी सकाळी सकाळी सुनौली. उशीर केलात तर ट्रकच्या रांगेत अडकाल.

बॉर्डरला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड ठेवा. आधार कार्ड फक्त १५ च्या आतल्या आणि ६५ च्या वरच्या लोकांना चालतं, म्हणजे मुलीचं भागेल, वडिलांचं वय बघा. पलीकडे बेलहियाला भन्सारचं ऑफिस आहे, भन्सार म्हणजे कस्टम. तिथे गाडीची जितक्या दिवसांची पावती फाडाल तितकेच दिवस गाडी नेपाळमध्ये ठेवता येते, उशीर झाला तर दंड जबरी आहे, म्हणून एक दिवस जास्तीचाच घ्या, दरड कोसळून रस्ता बंद झाला तर तो कामी येतो. भन्सारबरोबर यातायातचं म्हणजे वाहतूक खात्याचं परमिटही घ्यायचं. आरसी ओरिजिनल लागते, गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि चालवणार तुम्ही, तर त्यांचं संमतीपत्र ठेवा. एजंट लोक गाडीला घेराव घालतील, गरज नाही त्यांची, खिडकीवर सगळं होतं, वेळ लागतो एवढंच.

आणि हे कोणी सांगत नाही, आपला गाडीचा इन्शुरन्स नेपाळमध्ये आपोआप चालत नाही. निघायच्या आधी कंपनीकडून जिओग्राफिकल एक्स्टेन्शन म्हणजे नेपाळपुरती वाढ करून घ्या, थोडा प्रीमियम जास्त लागतो, पण त्याशिवाय जाऊ नका.

आता मजेचा भाग. बॉर्डरच्या पुढे बुटवल लागतं, तिथून पोखऱ्याला दोन रस्ते आहेत, गुगल कधीकधी नारायणघाट-मुग्लिंगवरून पाठवतो, त्याचं ऐकू नका. सिद्धार्थ राजमार्ग घ्या, तानसेन, वालिङ, स्याङ्जा असा. बुटवल सोडल्यावर सिद्धबाबा मंदिरापाशी दगड पडायचा पट्टा आहे, तिथे फोटोला थांबू नका, पुढे मात्र शेतांच्या पायऱ्या, तानसेनला रात्री मुक्काम, आणि त्याच्या पुढे रामदीला काली गण्डकीवरचा पूल. बहुतेक लोक तानसेन न बघताच पुढे पळतात, मला मात्र ते पोखऱ्यापेक्षा जास्त आवडलं, दगडी उतारांचं जुनं बाजाराचं गाव, ढाका कापडाच्या टोप्या विणणारी दुकानं, आणि सकाळी श्रीनगर टेकडीवर गेलात तर खाली दरीत धुकं आणि वर हिमालयाची रांग. आईला चढ झेपत नसेल तर टेकडीच्या बऱ्याच वरपर्यंत गाडी जाते.

पोखऱ्यात गाडी हॉटेलवर लावा आणि मुक्तिनाथला लोकल जीप करा. तुमच्याकडे कुठलीही एसयूव्ही असली तरी हेच सांगेन. वाटेत बेनी लागतं, त्याच्या पुढचा रस्ता म्हणजे पावसाळ्यानंतरचा वरंधा घाट, बऱ्याच ठिकाणी कच्चा, आणि एका बाजूला काली गण्डकीची दरी, तिथला ड्रायव्हर रोज जातो, त्याला वळणं पाठ असतात. पोखरा साधारण ८०० मीटरवर आहे आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर, त्यामुळे मध्ये एक रात्र तातोपानी किंवा मार्फाला काढाच, वडिलांना बीपी-हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मार्फा सफरचंदांचं गाव आहे, मुलीला आवडेल. मुक्तिनाथच्या अलीकडे जोमसोम आहे, तिथे सकाळ उलटली की वारा सुटतो तो उभं राहू देत नाही, म्हणून दर्शन सकाळचंच ठेवा. देवळातल्या १०८ धारांखाली अंघोळ करायची हौस असेल तर करा, पाणी बर्फासारखं आहे, आजीआजोबांनी नुसतं डोक्यावर शिंपडलं तरी पुरे.

कधी जायचं? दिवाळीच्या सुट्टीत. जून ते सप्टेंबर दरडी, मार्च-एप्रिलमध्ये वणव्यांच्या धुराने डोंगरच दिसत नाहीत, डिसेंबर-जानेवारीत यूपीतलं धुकं गाडी चालवू देत नाही. फक्त दसऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या दशैंच्या आठवड्यात टाळा, सगळं नेपाळ गावी निघालेलं असतं. दिवाळीत त्यांचा तिहार असतो, त्यात एक दिवस कुत्र्यांना हार घालून पूजा करतात, जमलं तर त्या दिवशी पोखऱ्यात असा.

पैशांचं, आपला १०० रुपया म्हणजे त्यांचे १६०, हा दर कायम तोच असतो. शंभराच्या नोटांचं बंडल बरोबर ठेवा, मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात आणि दुकानदार कुरकुर करतात. क्यूआरवर बऱ्याच ठिकाणी आपलं यूपीआय चालतं, पण जोमसोमच्या रस्त्यावर त्याच्या भरवशावर राहू नका. सिम बॉर्डरलाच घ्या. आणि डोंगरात अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, चारपर्यंत हॉटेल, मग वडील कितीही म्हणोत की अजून तासभर उजेड आहे.