वाचक विचारतात : यजमान शहराची पूर्वतयारी

प्रश्न : आमच्या शहरात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन व्हायची आहे. जीपीएसवर मार्ग बरोबर ४२.१९५ किलोमीटर भरतो. मग सायकलवरून पुन्हा मोजणी कशाला?

उंच इमारतींमध्ये आणि पुलाखाली जीपीएस भरकटतो, वळण कुठल्या कडेने घेतलं हेही त्याला सांगता येत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. विक्रम ग्राह्य धरला जावा असं वाटत असेल, तर सायकलची मोजणी हवीच.

सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचं फिरणं आकड्यांत मोजणारं छोटं यंत्र, बसवतात. किलोमीटरला त्यावर साधारण ११,००० आकडे पडतात. आधी पोलादी टेपने मोजलेल्या ३०० ते ५०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर ही सायकल चार वेळा चालवून ठरावीक अंतराला किती आकडे पडतात ते काढायचं, मग त्या हिशेबाने मार्ग मोजायचा आणि लगेच परत येऊन पट्ट्यावर पुन्हा चार वेळा. हा शेवटचा टप्पा कंटाळून गाळला जातो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ऊन चढलं की टायर फुगतो, चाकाचा घेर वाढतो, तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात आणि मार्ग थोडा लांब होतो. ते एक वेळ चालेल. पण टायरमधली हवा हळूहळू जात असेल तर घेर घटतो, आकडे लवकर भरतात आणि मार्ग आखूड राहतो. आखूड मार्गावरचा विक्रम बाद! म्हणूनच मोजणीत दर हजार मीटरला १ मीटर जादा धरतात. पूर्ण मार्गात सुमारे ४२ मीटर.

सायकल धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने न्यायची, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून. त्यासाठी पहाटे रस्ता बंद ठेवावा लागतो, कारण उभ्या गाड्यांना वळसा घातला की मोजणी बिघडते.

मोजणी अचूक असूनही शर्यतीच्या दिवशी घोळ होतो. २०२१ साली इंग्लंडमधल्या ब्रायटन मॅरेथॉनमध्ये रस्त्यावर वळण दाखवणारा एक शंकू चुकीच्या जागी ठेवला गेला आणि धावपटू ५६८ मीटर जास्त धावले. मँचेस्टरचा मार्ग तर २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं ३८० मीटर आखूड होता. तेव्हा प्रत्येक वळणाचा नकाशा करा, शंकूचं अंतर जवळच्या दिव्याच्या खांबापासून मोजून त्यावर लिहा आणि मोजणाऱ्यालाच शर्यतीच्या पुढच्या गाडीत बसवा.

प्रश्न : ट्रायथलॉनचं पोहणं शहरातल्या नदीत ठेवता येईल का?

येईल, पण पावसाचा विचार आधी करा. जुन्या शहरांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून वाहतं. जोराची सर आली की नळ भरतो आणि जादा पाणी थेट नदीत जातं. पॅरिसने यासाठी ऑस्टरलित्झ स्थानकाजवळ सुमारे ५०,००० घनमीटरची भूमिगत टाकी बांधली. तरीही २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये नदीचं पाणी दूषित निघाल्याने ३० जुलैची पुरुषांची ट्रायथलॉन ३१ ला ढकलावी लागली.

नदीच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय १,००० च्या आणि एन्टेरोकॉकाय ४०० च्या आत असावे लागतात; हे दोन्ही सांडपाण्याची खूण देणारे जिवाणू. जिवाणू वाढवून मोजायला जवळजवळ एक दिवस जातो, म्हणजे आज हाती येणारा अहवाल कालच्या पाण्याचा असतो. म्हणून रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी नमुने घ्या, पावसाची नोंद सोबत ठेवा आणि वेळापत्रकात राखीव दिवस सोडा. राखीव दिवस नसेल तर नदीचा हट्ट धरू नका.

प्रश्न : खेळाडूंच्या बससाठी बाहेरगावचे चालक आणले तर चालेल?

चालेल, पण सरावाशिवाय नाही. अटलांटात १९९६ च्या ऑलिंपिकवेळी बाहेरून आलेल्या चालकांना रस्ते ठाऊक नव्हते आणि खेळाडूंना उशीर झाला. प्रत्येकाला एकच मार्ग द्या आणि तो स्पर्धेच्या वेळेलाच, सुरक्षा तपासणीच्या फाटकासकट, निदान तीनदा चालवून घ्या. रस्ता पाठ झाला तरी बहुतेक वेळ खातं ते फाटकच.