मंगल कार्यालयासाठी ६२.५ केव्हीएचा जनरेटर पुरेल की १२५ चा घ्यावा लागेल?

वर्धा मार्गावरील आपल्या मंगल कार्यालयाचा एकूण जोडभार (सगळ्या उपकरणांच्या क्षमतेची बेरीज) ४६ किलोवॅट असून एक विक्रेता ६२.५ केव्हीएचा, तर दुसरा १२५ केव्हीएचा डिझेल जनरेटर सुचवतो, त्यांपैकी कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. नागपुरात मी विजेच्या कामांची ठेकेदारी करतो आणि लग्नाची तारीख दोन आठवड्यांवर आली की दर उन्हाळ्यात हाच प्रश्न कोणी ना कोणी घेऊन येतो. माझ्या मते ६२.५ चा सेट घ्यावा. मात्र त्याआधी बोअरच्या पंपाची व्यवस्था लावावी लागेल.

डीजी (डिझेल जनरेटर) सेटची क्षमता ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या किलोवॅटचे प्रमाण) धरून सांगितली जाते, त्यामुळे ६२.५ केव्हीए म्हणजे ५० किलोवॅट आणि १२५ केव्हीए म्हणजे १०० किलोवॅट. आपल्या यादीत दोन टनांचे सहा एसी, आठ डक्ट कूलर, रोषणाई, ध्वनियंत्रणा, स्वयंपाकघर, ५ एचपीची लिफ्ट आणि ७.५ एचपीचा सबमर्सिबल पंप आहे. पण हे सगळे एकाच क्षणी पूर्ण भाराने चालत नाही. म्हणून यादीची बेरीज करत बसण्यापेक्षा मे महिन्यातल्या एखाद्या भरगच्च लग्नात, पंगती बसलेल्या असताना, टाँग टेस्टरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेजचा करंट मोजून घ्यावा. ६२.५ केव्हीएचा सेट ४१५ व्होल्टला दर फेजवर सुमारे ८७ अँपिअर देतो. मोजणी ६५ ते ७० अँपिअर आली, तर सेट साधारण तीन चतुर्थांश भारावर चालेल, आणि डिझेल इंजिनाला तेच मानवते. एका फेजवर ८५ आणि दुसरीवर ४५ दिसल्यास मोठा सेट घेण्याऐवजी आधी एसी व कूलर तिन्ही फेजवर नीट वाटून घ्यावेत.

खरी अडचण पंपाची आहे. ७.५ एचपीची मोटर चालताना १२ अँपिअरच्या आसपास घेते, परंतु डीओएल स्टार्टरवर (मोटरला एकदम पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या साध्या स्टार्टरवर) सुरू होताना काही क्षण त्याच्या सहापट, म्हणजे ७० अँपिअरच्या वर ओढते, आणि कार्यालयाचा उरलेला भार तेव्हा सेटवर असतोच. व्होल्टेज एकदम खाली बसते, कॉन्टॅक्टर (यंत्रांना वीज जोडणारे विद्युतचुंबकी स्विच) सुटतात, लिफ्ट मध्येच थांबते, आणि मग ‘जनरेटर लहान पडला’ असा निष्कर्ष काढून लोक दुप्पट मोठा सेट आणतात. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजवर नेणारा) लावल्यास हा सुरुवातीचा करंट सुमारे एक तृतीयांशावर येतो. फक्त त्यासाठी मोटरमधून सहा वायरी वर आलेल्या असाव्या लागतात. तीनच वायरी असतील तर व्होल्टेज हळूहळू वाढवणारा सॉफ्ट स्टार्टर घ्यावा. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे वऱ्हाडी येण्याआधीच टाकी भरून ठेवणे, पण कार्यालयाच्या धावपळीत ते कोणाच्या लक्षात राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

मोठा सेट घेऊन ठेवला तर बिघडले कुठे, असे आपल्याला वाटेल. क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी भारावर इंजिन तासन् तास चालले, तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल पूर्ण जळत नाही आणि काजळी साचत जाते. माझ्या एका ग्राहकाने माझे न ऐकता लॉनसाठी १६० केव्हीएचा सेट घेतला होता. दुसऱ्या हंगामात त्याच्या सायलेन्सरमधून काळे तेलकट द्रव ठिबकू लागले. लग्न आटोपल्यावर रात्री आपल्याकडे फक्त दिवे आणि डीप फ्रीझर, म्हणजे ८ किलोवॅटच उरतात. १२५ च्या सेटवर तो भार ८ टक्के होतो आणि ६२.५ वरही १६ टक्केच. वर्षभर रात्रीचे असे तास बरेच होत असतील, तर १५ केव्हीएचा एक छोटा सेट वेगळा ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

समुद्रसपाटीपासून आपण जेमतेम ३१० मीटरवर आहोत, तेव्हा उंचीमुळे क्षमता घटण्याची चिंता नाही. उष्णतेची मात्र आहे. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. म्हणून ४७-४८ अंशांना सेट किती किलोवॅट देईल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. कॅनोपीतून (सेटवरच्या बंदिस्त पेटीतून) गरम हवा बाहेर पडण्याची बाजू पश्चिमेला ठेवू नये, कारण दुपारची झळ तीच हवा परत आत ढकलते, आणि भिंतीला खेटून तर सेट मुळीच बसवू नये.

उरलेली रक्कम देण्यापूर्वी भर दुपारी सगळे एसी आणि कूलर चालू ठेवून पंप सुरू करून पाहावा. दिवे क्षणभर मंद होऊन सावरले तर ठीक समजावे. लिफ्टचा कॉन्टॅक्टर सुटला तर आधी स्टार्टर तपासावा, दोष सेटला देऊ नये.