‘जावेला सोडलं’ की ‘जावेचं सोडलं’?

सोलापूरच्या एका वाचक ताईंनी विचारलंय. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेला एका बाईंनी साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगितलं : ‘इतकी वर्षं मनात धरलं होतं, पण प्रभूने बळ दिलं आणि मी माझ्या जावेला सोडलं.’ शेजारी बसलेली मैत्रीण चर्चमध्ये पहिल्यांदाच आली होती. तिने हळूच विचारलं, ‘म्हणजे बोलणं टाकलं का तिच्याशी?’ ताईंची शंका अशी, की हे ‘सोडणं’ अस्सल मराठी आहे का इंग्रजीवरून आलंय? आणि सरळ ‘क्षमा केली’ किंवा ‘माफ केलं’ म्हटलं तर काय बिघडतं?

मैत्रिणीचं चुकलं नाही. ‘तिने नवऱ्याला सोडलं’ म्हटल्यावर आपण काय समजतो? माणूसच कर्म झाला की सोडणं म्हणजे टाकणं, नाहीतर पोलिसांनी सोडणं. पण ‘घरमालकाने आम्हाला एका महिन्याचं भाडं सोडलं’ या वाक्यात माणूस ‘ला’ लावून बाजूला उभा आहे आणि सुटतंय ते भाडं. मंगळवार बाजारात ‘वरचे पाच सोडा की मावशी’ म्हणतो तेही हेच. येणं होतं, मागायचा हक्क होता, तो सोडला. तेव्हा इंग्रजीचा काही संबंध नाही, शब्द घरचाच आहे. बाईंच्या वाक्यातून फक्त काय सोडलं ते गळलं.

मंडळीतल्या लोकांना ते गळलेलं जाणवत नाही, कारण येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ त्यांना तोंडपाठ असते. बायबलमध्ये, मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या सहाव्या अध्यायात, तिची एक ओळ मराठीत अशी आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ नवख्या माणसाला इथे ऋण कुठून आलं असं वाटतं. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, ‘होबा’ या एकाच शब्दाला कर्ज आणि पाप हे दोन्ही अर्थ होते. मत्तयाने ग्रीकमध्ये लिहिताना कर्ज ठेवलं. येशूचं चरित्र लिहिणाऱ्याच लूकने या ओळीच्या पहिल्या अर्ध्यात पाप लिहिलं, पण दुसऱ्या अर्ध्यात त्याच्याकडेही देणेकरीच आला. क्रियापद दोघांचं एकच, ‘अफिएमी’ : हातातून जाऊ देणं. पेत्र आणि अंद्रिया हे कोळी भाऊ जाळी सोडून येशूमागे गेले तिथेही मूळ ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे. मराठीतही मत्तयाच्या ऋणांना आणि या जाळ्यांना, दोन्हीकडे ‘सोडणे’च आलं.

आता मराठीचा स्वभाव बघा. दुखावलेला माणूस आपल्याकडे काय करतो? डूख धरतो, दात धरतो, आकस धरतो, राग धरतो, मनात धरतो. (अढी तेवढी आपोआप बसते.) धरलेलं सोडायचंच असतं. म्हणून तर आपल्याकडच्या आज्या म्हणतात, ‘सोड की आता, किती धरून बसतीस!’ याच्या उलट ‘अपराध पोटात घालणे’. वाक्प्रचार मायेचा आहे, आई लेकराचे अपराध पोटात घालते तिथे शोभतोही. पण सासरी वर्षानुवर्षं पोटात घातलेलं तिथेच राहतं, आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीत अचानक वर येतं. ‘त्या पैशांवर पाणी सोडलं’ हे तिसरंच. तिथे माणूस हक्क सोडतो खरा, पण मिळणार नाही म्हणून. चरफड शिल्लक असते.

‘क्षमा’ संस्कृत क्षम् धातूवरून आली, सोसणं हा त्याचा मूळ अर्थ. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात ते त्यामुळेच. भारदस्त शब्द आहे, बायबलच्या मराठीतही भरपूर आहे, वापरायला काहीच हरकत नाही. ‘माफ’ अरबीतून आला आणि दंड, सारा, कर्ज यांच्याबरोबर सरकारी कागदांत रुळला. त्याला एक काटा आहे. माफी म्हटलं की समोरच्याचा गुन्हा गृहीत धरला जातो. शेतकरी चळवळीने ‘कर्जमाफी नको, कर्जमुक्ती म्हणा’ असा आग्रह धरला तो यासाठी, आणि २०१९ च्या सरकारी योजनेच्या नावात कर्जमुक्तीच आहे. सोलापूरला याचं आणखी जवळचं उदाहरण आहे. इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवून ज्या जमातींना सेटलमेंट नावाच्या वसाहतीत, तारांच्या कुंपणात ठेवलं होतं, त्यांच्यावरचा गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. त्यांना विमुक्त म्हटलं गेलं. ‘माफ केलेले’ म्हटलं असतं तर तो दुसरा अन्याय ठरला असता.

म्हणून जिने खरंच काही केलेलं नाही, अशा जावेला ‘माफ केलं’ म्हणू नये, भांडण नव्याने पेटेल.

ताईंनी जाता जाता आणखी विचारलंय, ‘सोडलं म्हणजे विसरलं ना?’ नाही. किराणा दुकानातली लाल कापडी बांधणीची उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. एका गिऱ्हाईकाच्या पानावर साखर, चहापत्ती, तेल, खाली बाकी, आणि त्या बाकीवर दुकानदाराने मारलेली आडवी रेघ. रेघेखालचा आकडा वाचता येतो. उधारी नव्हतीच, असं दुकानदार म्हणत नाही. तोटा त्याने स्वतः सोसला. आणि त्याच गिऱ्हाईकाला उद्या पुन्हा उधार द्यायचं का, हा वेगळा विचार. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून माहेरी आलेल्या बाईला ‘क्षमा केलीस ना, मग जा परत’ असं सांगणारे ही रेघ आणि नवी उधारी एकच समजतात. मला ते अजिबात पटत नाही.

बायबलमध्येही विसरण्याचा हट्ट दिसत नाही. भावांनीच गुलाम म्हणून विकलेला योसेफ पुढे मिसरात मोठा अधिकारी झाला. त्याने थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, म्हणजे विसर पाडणारा. देवाने मला सगळे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं, असं तो म्हणतो. पुढे भाऊ धान्यासाठी दारात आले तर त्याने त्यांना लगेच ओळखलं, धाकट्या भावाच्या गोणीत रुप्याचा प्याला लपवून त्यांची परीक्षा घेतली. शेवटी बोलला तेही रोखठोक : तुम्ही माझं वाईट योजलं होतं, देवाने त्याचं भलं केलं. सूड मात्र घेतला नाही. ‘मागचं विसरून पुढे धावतो’ हे पौल या प्रेषिताचं, म्हणजे येशूच्या सुरुवातीच्या प्रचारकाचं, वाक्य यासाठी हमखास पुढे करतात. पण त्याच्या पत्राच्या त्या अध्यायात (फिलिप्पै ३) पौल आपलं कूळ, बन्यामीनचा वंश, परूशीपण (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातलं असणं), म्हणजे स्वतःचीच जमेची बाजू मोजून ती टाकून देतोय. लोकांनी दिलेल्या जखमांचा तिथे विषय नाही.

साक्षींमध्ये ‘प्रभूच्या हाती सोडलं’ असंही ऐकू येतं. तिथे सोडणं म्हणजे सोपवणं. ‘सूड घेणे माझ्याकडे आहे, मी फेड करीन’ हे पौलाच्या रोमकरांस पत्रातलं देवाचं वचन त्यामागे असतं. पुन्हा फेड, म्हणजे भाषा देण्याघेण्याचीच. ज्याला अजून सोडवत नाही, त्याने हे म्हणावं, ते खरं ठरेल. आणि साक्ष देणाऱ्या बाईंना तुमच्या मैत्रिणीचा घोटाळा टाळायचा असेल तर ‘जावेला सोडलं’ऐवजी ‘जावेकडचं माझं येणं सोडलं’ म्हणता येईल. बोलण्यात फारच हिशेबी वाटलं तर ‘जावेचं सगळं सोडून दिलं’ चालेल.