विमान मेकॅनिक व्हायचंय? आधी एवढं पक्कं कर

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आहे ना? मग सुरुवात करता येईल. फी भरण्याआधी मात्र एक गोष्ट नीट तपास: संस्थेला डीजीसीएची (देशाच्या नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) सीएआर-१४७ मान्यता, म्हणजे विमान देखभालीचं प्रशिक्षण द्यायची परवानगी, आहे का, आणि ती तुला हव्या त्या कॅटेगरीची आहे का. माहितीपत्रकावर विसंबू नकोस, डीजीसीएच्या यादीत नाव बघ. इंजिन आणि सांगाड्याची ओढ असेल तर बी१, वायरिंग-एव्हिऑनिक्सची (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर बी२. बाकीचे फाटे सध्या राहू दे.

कोर्स संपला म्हणजे विमान देखभालीचं लायसन्स मिळालं, ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी समजूत. लायसन्सला डीजीसीएचे मॉड्यूल पेपर (विषयवार परीक्षा) लागतात, प्रत्येकात किमान ७५ टक्के, शिवाय सेवेत असलेल्या विमानांवरचा नोंदवलेला अनुभव. म्हणून लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, त्याच दिवशी भर, सही लगेच घे.

हात बसवायला लॉकवायरपासून, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या पिळलेल्या तारेपासून, सुरुवात कर.

- ०.०३२ इंचाच्या तारेला इंचामागे ६ ते ८ पीळ. जास्त पिळलीस की तार कडक होऊन तुटते.
- तारेचा ताण बोल्ट आवळायच्या दिशेने हवा. उलट बांधलीस तर बोल्ट सैल व्हायला मोकळा.
- काढलेली तार पुन्हा वापरायची नाही.

टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) 'टक' वाजला की थांब. खात्रीसाठी आणखी ओढलास तर बोल्ट जास्त आवळला जातो. काम पाठ असलं तरी मॅन्युअल उघडंच ठेव, त्यात सुधारणा येत राहतात. आणि हत्यारं मोजूनच परत ठेव. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान उड्डाणाला सोडायचं नाही.