जिवंत तिसऱ्या (खायचे शिंपले) फ्रिजमध्ये पाण्यात घालून ठेवाव्यात का?

नाही, पाण्यात अजिबात ठेवू नका. उघड्या पातेल्यात घालून वर ओलं, घट्ट पिळलेलं फडकं टाका आणि फ्रिजमध्ये 2 ते 4 अंश सेल्सिअसला ठेवा. तिसऱ्या खाऱ्या पाण्यातला जीव. नळाच्या गोड्या पाण्यात त्या मरतात, गाठ मारलेल्या पिशवीत गुदमरतात, आणि मेल्यावर मांस फार झपाट्याने नासतं. तळाशी साचलेलं पाणी ओतून टाकत जा. शिजवण्याआधी उघड्या दिसणाऱ्या तिसरीवर टिचकी मारा. मिटली नाही तर बिनदिक्कत फेका. अशा फडक्याखाली ठेवलेल्या तिसऱ्या एक-दोन दिवस निभतात. जास्त दिवस हव्या असतील तर मांस काढून, शिंपल्यातल्या पाण्यासकट डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. मात्र बाजारातूनच शिळ्या आल्या असतील, तर यातलं काहीही उपयोगी पडणार नाही.